दहा, म्हणजे कुणाचे?

अलीकडे फिनलंड, पलीकडे स्वीडन,
मध्ये नदी, पूल,
आणि पुलाइतकाच लांब एक तास.
सभा दहाला ठरली होती.
गुनवोर अगदी वेळेवर आली, तेव्हा वेइक्कोची
तिसरी कॉफी संपत आली होती.

विषय एकच: दोन गावांचं सांडपाणी.
कुठल्या काठावर शुद्ध करायचं,
वास कुणी घ्यायचा,
पाटी कुणाच्या भाषेत.
वासावर अर्ध्या तासात एकमत झालं.
पाटी दुपारपर्यंत पुरली.

मग म्हातारा हेमिंग उठला, काठी न घेताच:
"माझ्या आजोबांनी या काठावर लोणी विकलं,
युद्धात, रात्री, बर्फावरून,
जकातवाल्यांचा डोळा चुकवून.
पाटी नव्हती तेव्हा. गिऱ्हाईक तुमचंच होतं."
कुणीतरी हसलं.
कुणी, ते मी इतिवृत्तात लिहिलं नाही.

आता पाइप नदीखालून जातो.
पाटीवर दोन्ही भाषा,
आणि खाली खिळ्याने खरवडलेली तिसरी,
काठावरची बोली,
जिच्यापायी माझ्या आईने शाळेत छड्या खाल्ल्या.

रंगारी डबा घेऊन आला होता.
वेइक्को म्हणाला, राहू दे.
गुनवोरही तेच म्हणाली,
त्याच क्षणी,
तिच्या घड्याळात तासभर आधी.