कापसाचा बोळा

मे महिन्यात, दुपारी साडेतीनला,
तांडापेठेच्या बागेतल्या घसरपट्टीवर
तळहात ठेवून बघा.
मी ठेवतो. एक, दोन...
तिनाला हात आपोआप उचलतो.
पाच मोजता आले पाहिजेत.
पाच होईस्तोवर फाटक उघडायचं नाही,
असं चौकीदार हेडाऊला सांगून ठेवलंय.
तो म्हणतो, "पोरं आयकत नाही ना बे,
कुंपणाखालून घुसतात."
मग आम्ही दोघं बादल्या ओततो,
पत्रा तव्यासारखा चर्र करतो,
आणि कुंपणापलीकडून आठ-दहा डोळे
आम्हाला मुकाट्यानं शिव्या देतात.

मी केवळराम पराते, वेल्डर.
पाचपावलीत पुलाखाली दुकान.
खिडक्या, जिने, कूलरचे स्टँड,
आणि दोन वर्षांतून एकदा
ठेकेदारानं आणलेलं बागेचं काम:
साखळी जोड, दांडा सरळ कर,
रंग मार, फोटो काढ, बिल लाव.

त्या वर्षी मी तेवढंच केलं.
अंधारून आलं होतं, ग्राइंडरची चकती झिजलेली.
झुल्याच्या फळीखाली एक बोल्ट
दोन आटे बाहेर राहिला.
दोन आटे म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढं.
उद्या कानस मारू, म्हटलं,
आणि वरून निळा रंग फासला.
रंगाखाली सगळंच गुळगुळीत दिसतं.

ओजल निनावे. वय सहा.
मेयोत सात टाके, गुडघ्याच्या वर.
तिची आई भांडायला आली असती तर बरं झालं असतं.
ती फाटलेला फ्रॉक घेऊन आली,
दुकानात उभी राहिली,
वेल्डिंग मशीनकडे बघत म्हणाली,
"याच्यावर शिवता येते का जी?"

त्या रात्री बाबा आठवले.
हातमागावर बसण्याआधी
धोट्यावरून कापसाचा बोळा फिरवायचे,
कुठे कूस निघाली का बघायला.
एक कूस, आणि काठाचं सगळं रेशीम वाया.
मी म्हणायचो, हात फिरवा ना नुसता.
"हाताला घट्टे पडले का हात खोटं बोलते," म्हणायचे,
"कापूस नाही बोलत."

तेव्हापासून खिशात बोळा असतो.
घसरपट्टीच्या कडेवरून, साखळीच्या कडी-कडीवरून,
बोल्टाच्या टोकावरून फिरवतो.
एक तंतू जरी अडकला तरी कानस.
ज्युनिअर इंजिनीअर हसले.
"पराते, वाती वळताय का?"
त्यांच्या फॉर्मवर रकाने आहेत:
रंग, गंज, काम समाधानकारक.
तंतूला रकाना नाही.

झुल्याखाली गट्टू बसवले होते,
लाल-पिवळे, फोटोत छान यायचे.
मी आणि हेडाऊनं पहारीनं उपटले
आणि कन्हानची वाळू टाकली.
माझा हात कोपरापर्यंत आत जायला हवा, एवढी.
बिलात नव्हतं ते. अजूनही नाही.
गट्टू कुठे गेले म्हणून नोटीस मात्र आली.

परवा ओजल आली.
नऊ वर्षांची, धाकट्या भावाला ओढत.
हेडाऊनं तिला आधी सोडलं, का ते विचारलं नाही.
चड्डीखाली पांढरी रेष दिसत होती,
मी दुसरीकडे बघितलं.
ती झुल्यापाशी बसली वाळूत,
काही न बोलता माझ्या हातातला बोळा घेतला,
आणि मान वाकडी करून
फळीच्या खालून, मागच्या बाजूनं फिरवला,
जिथं मी वाकत नाही आता,
कंबर दुखते म्हणून.

कापूस अडकला.

तिनं बोट ठेवलं नाही, नुसतं दाखवलं.
"इथं, काका."

पाच वाजून गेले होते.
फाटकावर पोरं ओरडत होती,
हेडाऊ किल्ली वाजवत होता.
ओरडू दे, म्हटलं,
आणि वाळूत उताणा पडून
कानस काढली.