कंबर तलावावर जागा बघताना

येमुल वहिनींनी फोनवर सांगितलं होतं,
मागं पाणी दिसू दे, पण शेवाळ नको.
आणि सासूबाईंना पायऱ्या चढायला लागू नयेत.
एवढ्यावर मी तीन दिवस स्कूटर फिरवली.

किल्ल्याच्या बागेत भिंती काळ्या,
चेहऱ्यावर पडायचा उजेड त्याच आधी पिऊन टाकतात.
सिद्धेश्वराच्या तळ्यावर सगळं होतं,
पण तिथं माणूस फोटोला उभा राहिला
तरी हात जोडूनच उभा राहतो.
मला हात मोकळे हवे होते.

म्हणून कंबर तलाव.
गुरुवार, संध्याकाळचे साडेपाच.
जलपर्णीचा वास होता थोडा.
वास फोटोत येत नाही,
आमच्या धंद्यातलं तेवढंच एक सुख.
एक बाभूळ पाण्यावर ओणवी,
तिच्याखाली सिमेंटचा बाक, एका अंगानं खचलेला,
आणि ऊन असं
की मागावरून आत्ताच उतरवलेली चादर,
कोमट, किंचित खरखरीत.

पण उन्हाचं माप चेहऱ्याशिवाय कळत नाही.
"काय करुलालाव?" वॉचमन विचारत आला.
म्हटलं, जरा आजोबा व्हा की.
तो बसला. शिट्टी खिशात घातली.
शेंगावालीला म्हटलं, तुम्ही आजी.
तिनं आधी पाटी झाकली, मग डोकं.
शिकवणी बुडवून आलेली दोन पोरं नातवंडं झाली.
रोज चार फेऱ्या मारणारे, एलआयसीतून निवृत्त झालेले बिराजदार
मुलगा व्हायला काही तयार होईनात,
शेवटी जावई झाले.

थोडं जवळ या, म्हटलं.
आले.
कुणी सांगितलं नव्हतं,
पण वॉचमनचा हात धाकट्या पोराच्या खांद्यावर गेला
आणि तिथंच राहिला,
क्लिक झाल्यावरही.

रविवारी येमुल आले. अकराजण,
एकाच ताग्यातले शर्ट.
वाटेत भांडून आलेत, हे भुवयांवरून कळत होतं.
आठ माग विकायचे की ठेवायचे:
थोरला डावीकडं, धाकटा उजवीकडं,
मध्ये अंबव्वा आजी,
मांडीवर सूप नाही तरी
बोटं विडी वळतायत.
मी चार काढले. सगळे ताठ,
आधार कार्डावर असतात तसे.
आजी म्हणाल्या, चालु.

तेलुगूत चालु म्हणजे पुरे.
जन्म साखर पेठेत गेला माझा, मला माहीत आहे.
पण त्या वेळी कानानं मराठी ऐकलं
आणि बोट थांबलं नाही.

त्या पाचव्या फोटोत
थोरला वाकून बाकाखाली आजीच्या चपला शोधतोय,
धाकटाही तेच करतोय,
दोघांची डोकी आपटायला वीतभर बाकी.
एक पोरगी जांभई देतेय.
मागं पाणी. शेवाळ आहेच,
पण तिकडं कोण बघतंय.
वहिनींनी तोच निवडला.
मोठा करा, म्हणाल्या, कारखान्यात लावायचाय.
कुठल्या कारखान्यात,
मी विचारलं नाही.

वॉचमनला त्याची प्रत नेऊन दिली.
बराच वेळ बघत राहिला.
सगळ्यांवरून अंगठा फिरवला, मग म्हणाला,
ह्यात सून नाही की.
म्हटलं, येऊलाली होती,
फ्रेमच्या जरा बाहेर राहिली.

हसला नाही तो.
फोटो टोपीत ठेवला, टोपी डोक्यावर.
पुढच्या टायमाला सांगून या, म्हणाला,
बाकाखाली वीट लावून ठेवतो.