निनावेंची मांडणी

खुर्चीसोबत कॉम्प्युटरही मिळाला,
निनावे रिटायर झाले त्याच्या दुसऱ्या सोमवारी.
टास्कबार डाव्या कडेला उभा.
खिडकी बंद करायची फुली, तीही डावीकडे.
माऊसचा बाण म्हणजे भेंडीएवढा,
अन् कचऱ्याच्या डब्याचं नाव बदललेलं :
‘राहू दे बे’.

मी म्हटलं, जेवायच्या आधी सगळं सरळ करते.
बाहेर नवतपा. इतवारीतली गल्ली
भाजून पांढरी पडलेली, कुत्रंही नाही.
सेटिंगमध्ये शिरले, एकेक टिक काढली,
पट्टी खाली आणली, फुली उजवीकडे,
मागचा कोरा पांढरा रंग काढून
निळं तळं लावलं, डोळ्यांना बरं म्हणून.

साडेतीनला ऊन आत आलं,
झडपेच्या मोडक्या पट्टीतून
थेट पडद्याच्या उजव्या अंगावर,
आणि मेश्रामांच्या पत्रिकेतला
वर गेला, वधू गेली, मुहूर्तही गेला.
फुली शोधत मी चाचपडत राहिले.
डावीकडची चार बोटं तेवढी सावलीत.

मे महिन्यात भिंतीला लागून चालतो ना आपण,
तसा हा माणूस तेवीस वर्षं
काचेवर चालत होता.

एकेक टिक परत लावली.
बाण एवढा मोठा कशाला, ते कळलं नाही.
राहू दिला.

चारला मधोमध एक चौकट उगवली :
‘निनावे, कूलरमध्ये पाणी टाका.’
कूलर केव्हाचा कोरडा खडखडत होता.
बादली घेऊन उठले.
नाव तेवढं अजून बदललं नाही.