तिसऱ्यांची वही

बारा तिसऱ्या, काचेच्या टाकीत.
चांगुणामावशीने दिवाळ्याच्या चिखलातून
ओहोटीला काढून दिल्या.
पैसे घेतले नाहीत, विचारलं फक्त,
"मारनार नाय ना गो त्यांना?"
मी म्हटलं, मोजणार आहे.

शून्य तास. सहा. चोवीस. शहाण्णव.
पाण्यात कॅडमियम, चिमटीतही येणार नाही एवढं.
त्या आपल्या शिंपा किलकिल्या करून
ओढतात, सोडतात, ओढतात,
पाणी सोडतात आणि धातू ठेवून घेतात.
आलेख आधी उभा चढतो,
मग कलत कलत
जेवल्यावर ओटीवर कुणी लवंडावं
तसा आडवा होतो.

नंतर स्वच्छ पाणी. एकवीस दिवस.
पहिल्या आठवड्यात थोडं परत दिलं त्यांनी.
बाकीचं नाही.
सर म्हणाले, शेपटी लांब आहे, थांब अजून.

थांबले.
मधल्या काळात मावशीला लेकाने
नेरूळला नेलं, सातव्या मजल्यावर.
रविवारी गेले तर
ती बेसिनपाशी लिंबाच्या सालीने नखं घासत होती,
कडेचा काळा चिखल तसाच.
खिडकी बंद, पडदा ओढलेला,
बाहेर दिसते ती समोरची इमारतच.
हात पुसता पुसता म्हणाली,
"आता पानी तिवरांत शिरलं आसंल."

मी फोनवर भरतीची वेळ पाहिली.
चार मिनिटांचा फरक.

वहीत यासाठी रकाना नाही.

मग तिने ताट वाढलं,
जावयाने सकाळी आणलेल्या तिसऱ्यांचं कालवण,
आंबट, दाट.
आकडे मला तोंडपाठ होते.
दोनदा मागून खाल्लं.