चालू लालंय

बजेट माणशी दोनशे दहा रुपये,
त्यात टी-शर्ट, बाटली, एक स्टिकर आणि गळ्यातली पट्टी.
मन्मथ सर म्हणाले, शिवकांता,
असं काहीतरी कर की पोरं घरी नेतील,
खुर्च्यांवर सोडून जाणार नाहीत.

स्टिकर आधी जमला.
गंजगोलाई वरून बघितली तर
मधे एक गोल, भोवती सोळा रस्ते फुटलेले.
चिप अशीच असते, कडेनं पाय आलेली.
कुणीतरी विचारलं, सूर्य आहे का?
असू दे.

बाटलीवर प्रायोजकाचं नाव, बाकी काही नाही.
नळ आठ दिवसांनी येतो त्या गल्लीत बसून
निळा नेमका कुठला, यावर
मी दोन रात्री घालवल्या.
आई म्हणाली, झाकण घट्ट बसतंय का ते बघ आधी.

टी-शर्टवर मात्र मला बोलणं हवं होतं.
कोड लिहिणाऱ्यांचं तेच जुनं भांडण,
तुझ्याकडं बंद, माझ्याकडं बरोबर.
काळ्यावर पिवळ्या अक्षरांत लिहिलं:
माझ्याकडं तर चालू लालंय.

पुण्याहून फोन आला.
लालंय म्हणजे? टायपो राहिलाय तुमचा.
म्हटलं, नाही सर, क्रियापद आहे.
पलीकडं जरा वेळ कीबोर्ड वाजला.
चालत आहे करून टाका ना, सगळ्यांना कळेल.

फाईल उघडली. चालत आहे लिहिलं.
अक्षरं सरळ बसली,
पाहुण्यांसमोर बसवलेल्या पोरांसारखी.
वाजिदभाईंना फोन लावला तोवर
शाई ओढून त्यांनी फ्रेमसुद्धा धुतली होती,
दीडशे नग दोरीवर.
आता कशाला बदलू लालीस, ते म्हणाले,
वाळू लालेत.

मग मी पुण्याला काही कळवलंच नाही.

बाटल्यांची झाकणं गळली.
तीन खोकी लॅबच्या कपाटात आहेत,
आईला अजून सांगितलेलं नाही.
टी-शर्ट कुठं कुठं गेले, हिशोब नाही.
परवा औसा रोडला एकजण
बोअरमध्ये पाइप सोडत होता,
पाठीवर माझी पिवळी अक्षरं,
लालंयवरचा अनुस्वार धुण्यात उडालेला.
मोटर घुमत होती.
पाणी अजून वर आलं नव्हतं.