तीन बोटांची मूठ

पेठ नाक्याच्या माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये
लहानू भोये आला, काखेत टॉवेलाची गुंडाळी.
म्हणाला, शिकारीची सुरी पाहिजे, दादा.
शिकार करतोस?
हसला. रानात ससा दिसत नाही आता,
दिसलाच तर त्याच्याआधी फॉरेस्टवाले मला धरतील.
पण बापाकडं होती तशी पाहिजे.

टॉवेलातून निघालं तिवसाचं रुमणं,
अर्धं वाळवीनं खाल्लेलं,
उरलेल्या अर्ध्यावर तळहातांची झळाळी.
मग मापासाठी त्यानं उजवा हात पुढं केला:
अंगठा आणि दोन बोटं.

सातपूरच्या टूलरूममध्ये बत्तीस वर्षं काढलेला माणूस
असा हात बघून कसं झालं विचारत नाही,
कुठल्या प्रेसवर, एवढंच विचारतो.
अंबडला, तो म्हणाला. पन्नास टनी.
बिजागरीचा डाय.

पाटा भंगारातून आणला, एसटीचा,
सावळ घाटात जन्मभर वाकून सरळ झालेला.
भट्टीत आधी काळा, मग सुकल्या मिरचीचा, मग पळस.
चुंबक जवळ नेला. ओढतोय अजून, थांब.
पुन्हा नेला. ओढ संपली.
लोखंड कुणाचंच नसतं त्या घटकेला,
तेव्हाच त्याला पाणी द्यायचं.
पाणी म्हणायचं, द्यायचं तेल,
कोमट, करडईचं.
भक्कन जाळ, आणि असा खमंग वास
की शेजारचा पंक्चरवाला ओरडतो, भजी का काय?

नुसतं कडक पातं काचेच्या जातीचं.
पडलं की दोन.
म्हणून शकूच्या नानकटाईच्या ओव्हनमध्ये
दोन तास, असं दोनदा.
गव्हाच्या काडीचा रंग चढला की पुरे.
शकू म्हणते, गिऱ्हाइकं विचारतात,
नानकटाईला लोखंडाचा वास कसा?

बिजागरीचा डाय मीच केलेला.
अठ्ठ्याण्णव साली. क्लिअरन्स असा नेमका
की मालकानं पेढे वाटले.
गार्डसाठी सहा एमएमची दोन भोकंसुद्धा
आटे पाडून दिली होती.
गार्ड बसलं नाही कधी.
मिनिटाला चार नग कमी पडायचे त्यानं.
हे मला ठाऊक होतं. पेढाही खाल्ला होता.

त्यानं मातीचा गोळा दाबून दिला होता, त्यात तीन खड्डे,
पुढं सपाट माती.
त्यावरून आधी बाभळीत एक मूठ कोरली, अंदाजाला.
मग तिवस.
कानस, ऐंशीचा पेपर, दोनशेवीस, चारशे.
एका अंगाला कानस लावलीच नाही,
तिथली झळाळी माझी नव्हती.
भांडी बाजारातल्या पितळी सळीच्या दोन पिना.
जवसाचं तेल, तीन रात्री.

रविवारी आला. सुरी धरली,
दारातल्या बांबूची एक साल काढली,
इतकी पातळ की वाऱ्यानं उचलली.
बसली, म्हणाला.
किती द्यायचे?
पाट्याचे साडेतीनशे दे.
आणि मजुरी?
मी म्हटलं, लहानू, तो बिजागरीचा डाय...
पुढचं तोंडातच राहिलं.

खालच्या प्लेटवर नाव कोरलेलं होतं बारीक,
तो सुरी टॉवेलात गुंडाळत म्हणाला.
रोज सकाळी पुसायचो मी, तेल लावून.
म्हणून तर हुडकत आलो.
काम चोख होतं तुमचं.

मजुरीचे पैसे त्यानं ऐरणीवर ठेवले,
पूर्ण, बाजारभावानं,
आणि सव्वाचारची पेठ गाडी धरली.

बाभळीची मूठ अजून फळीवर आहे.
कधीमधी हातात घेतो.
अंगठा बसतो, दोन बोटं बसतात,
राहिलेल्या दोघांचं काय करायचं
ते कळत नाही.