खड्ड्यावरची फळी

डिस्चार्ज उद्या म्हणाले, मग आज म्हणाले,
मग म्हणाले समरी टाइप होऊन राहिली, चार वाजतील.
मेडिकलमध्ये शकून आहे, बाबांजवळ.
मी इथे, गोळीबार चौकातल्या घरात,
हातात पाना घेऊन.

खाट फिरवली.
उजवं अंग आता बाबांचं ऐकत नाही,
तेव्हा दार डावीकडे यायला हवं,
आणि दार डावीकडे आणलं की उशी उत्तरेला जाते.
धकाते काकी उंबऱ्यात जरा थांबल्या,
काही बोलल्या नाहीत,
आंबिलीचा डबा ठेवून गेल्या.

सदऱ्याची बटणं काढून शकूननं रात्रीच वेल्क्रो लावलंय.
गडवा डावीकडे. टॉर्च डावीकडे.
सायकल कधीच विकली, पण तिची घंटी आईनं ठेवली होती,
ती खाटेच्या डाव्या पायाला पट्टीनं आवळली.
वाजवून पाहिली.
गल्लीतलं एक पोट्टं बाजूला सरकलं.

राहिला खड्डा.

समोरच्या खोलीत, बरोबर मधोमध,
खाटेपासून संडासापर्यंत जो एकच रस्ता आहे, त्यावर
मागाचा खड्डा.
माग विकून सत्तावीस वर्षं झाली.
वर तीन फळ्या, फळ्यांवर सतरंजी,
सतरंजीवर आम्ही जेवलो,
शकूनला पाहायला आलेले पाहुणे बसले,
शेवटी आईलाही तिथंच ठेवलं होतं.
फळी करकरली तर कोणी खाली पाहायचं नाही, एवढंच.

वॉकरचा पाय फटीत अडकेल
म्हणून मलब्याच्या आठ गोण्या सकाळीच आणवल्या.
गोण्यावाला म्हणाला, "भरूनच टाका ना भाऊ, कायले ठेवता?"
खरंच, कायले.

फळ्या उचलल्या.
बाहेर शेचाळीस, आणि आत
माठाच्या बुडासारखं थंड.
एक कांडी, सूत कुजलेलं, लाल असावं.
आईचा आकडा. पाच पैसे.
काठावर, जिथं ते बसायचे,
माती दोन मांड्यांच्या मापानं खचलेली,
आणि तळाशी, पावड्यांच्या जागी,
टाचांचे दोन खळगे, वाटीएवढे.
उजवा जास्त खोल.

तोवर पहिली गोणी मी ओतली होती, अर्धी.
खळगे झाकले गेले.
फोन लावला. शकूननं त्यांच्या कानाला धरला.
"बाबा, खड्डा भरू का?"
"हूं."
"की राहू देऊ?"
"हूं."
मग नुसता श्वास, बराच वेळ.
मग अख्खं एक वाक्य, लोळत लोळत,
ओठाच्या एका कोपऱ्यातून:
"कूलरात पाणी टाकलं का बे?"

अर्धी गोणी तगारीनं परत उपसली.
हे शकूनला सांगणार नाही.

रज्जाकभाईंनी लोखंडी अँगल वेल्ड करून दिला,
पैसे उद्या म्हणाले.
वर जाड प्लाय, स्क्रू आत बुडवून, फट नाही.
साडेतीनला मीच वॉकर घेऊन चाललो,
उजवा पाय ओढत, ते ओढतील तसा.
फरशीवर टक. टक. टक.
मधोमध, ढब्.
मागे गेलो, पुन्हा चाललो.
ढब्.
रात्री दोनला उठले, लाइट नसली,
तरी इथून पुढे सात पावलं,
हे त्यांना कळेल.
आणखी काय कळेल ते मला माहीत नाही.

मलब्याच्या सात गोण्या दारात तशाच.
शकूनचा फोन: अग्रसेन चौक, सिग्नलला आहोत,
बाबा घाम पुसू देत नाहीत.

बादली उचलली.
तीन बादल्या लागल्या.
वाळ्याच्या ताट्या भिजल्या,
पंख्यानं आधी गेल्या उन्हाळ्याची धूळ फेकली,
मग गार.